पीठ बदलले, ताट मात्र तेच राहिले

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये सर्वाधिक पत्रे धान्यांविषयी आहेत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून पुण्यातील लहानमोठ्या किराणा दुकानांतही नाचणी, राळा, वरई आणि खपली गहू यांना दर्शनी जागा मिळू लागली आहे, आणि ही निश्चितच आनंदाची बाब आहे. मात्र पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. बहुतेक वाचकांनी कोणते पीठ वापरावे हे विचारले आहे. त्या पोळीभाकरीसोबत ताटात काय असते, याचा उल्लेख क्वचितच कोणी केला आहे. पुढील उत्तरे देताना हा मुद्दा मी मुद्दाम लावून धरला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून वाचकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५६ आहे. वर्षापूर्वी एचबीएवनसी (रक्तातील साखरेची तपासणी) ६.२ आली आणि मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून घरात पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली. दुपारी दोन आणि रात्री दोन भाकऱ्या खाते. सोबत आमटी आणि बटाट्याची किंवा वांग्याची भाजी असते. परवाच्या तपासणीतही आकडा ६.२ च आला. भाकरीने साखर आटोक्यात येते हे खरे नाही का? (कोथरूड)

प्रथम एक दिलासा देते. ५.७ ते ६.४ या टप्प्यात असलेल्या व्यक्तीचा आकडा वर्षभरात वाढला नाही, ही वाईट बातमी नव्हे. परंतु आपण घेतलेल्या कष्टांच्या मानाने तो खाली का आला नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भाकरीच्या संख्येत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर तेवढ्याच न चाळलेल्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ, म्हणजेच फायबर, असते. बाजरी आणि नाचणीही ११ ग्रॅमच्या आसपासच आहेत. याउलट मैदा आणि पॉलिश केलेला पांढरा तांदूळ यांत ते ३ ग्रॅमहूनही कमी असते. म्हणजे जो आहारात मैदा किंवा पांढरा भात कमी करून भाकरीकडे वळतो, त्याचा लाभ मोठा आहे. परंतु जो कोंड्यासकट दळलेल्या कणकेची पोळी सोडून भाकरीकडे वळतो, त्याच्या आहारातील फायबरमध्ये फारसा फरक पडत नाही. पिष्टमय पदार्थांचेही तसेच आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात ते जवळजवळ सारखेच, म्हणजे १०० ग्रॅममागे साधारणतः ६५ ते ७० ग्रॅम असतात.

आता प्रमाणाकडे पाहू. घरच्या एका मध्यम पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते, तर तव्यावर टाकण्याजोगी एक भाकरी थापायला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते. आपल्या चार भाकऱ्या म्हणजे जवळजवळ आठ पोळ्या झाल्या. भाकरी कोरडी, तेलातुपाशिवायची आणि आरोग्याला चांगली म्हणून मोजली जात नाही, आणि तेथेच हिशेब चुकतो. एकदा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर भाकरीच्या उंड्याचे पीठ मोजून पाहावे, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

मग काय करावे? दोन्ही वेळेस एकेकच भाकरी घ्यावी आणि रिकामी झालेली जागा भाजीने व उसळीने भरावी. फायबरचा हिशेब असा मांडता येईल : दोन भाकऱ्यांतून सुमारे ११ ग्रॅम, ३० ग्रॅम मटकीला मोड आणून केलेल्या उसळीतून साडेचार ग्रॅमच्या आसपास, वाटीभर वरणातून अडीच ग्रॅम, मेथीच्या भाजीतून चार ते पाच ग्रॅम, गाजर-काकडीच्या कोशिंबिरीतून दोन-तीन ग्रॅम आणि एका पेरूतून किमान पाच ग्रॅम. बेरीज ३० ग्रॅमपर्यंत जाते. प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर आणि ४०० ग्रॅम भाज्या व फळे घ्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. ते यात सहज साधते. चार भाकऱ्यांमधून आपल्याला २२ ग्रॅमच्या आसपास फायबर मिळत होते. भाकऱ्या निम्म्या करूनही ते वाढते, आणि भाकरीतून येणारे पिष्ट मात्र निम्म्यावर येते. साखरेवर परिणाम दिसायचा तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

शिवाय सर्व फायबर एकाच प्रकारचे नसते. कडधान्ये, ओट्स, गवार, भेंडी आणि पेरू-सफरचंदासारखी फळे यांत पाण्यात विरघळणारे तंतू बऱ्यापैकी असतात. ते आतड्यात चिकट, दाट द्रावण तयार करतात. त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. धान्याच्या कोंड्यातील तंतू प्रामुख्याने न विरघळणारे असतात आणि त्यांचे मुख्य काम पोट साफ ठेवण्याचे असते. म्हणूनच उसळीचे काम भाकरी करू शकत नाही. जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करून भाकरी नंतर खाल्ली, तर जेवणानंतरची साखर कमी चढते असे अभ्यासांत दिसले आहे. हा बदल फुकटचा आहे आणि आजपासून करता येतो.

आणखी एक सूचना. धान्य जितके बारीक दळाल तितके ते लवकर पचते. आठवड्यातून दोनदा भाकरीऐवजी ज्वारीच्या कण्या शिजवाव्यात, अथवा गव्हाचा दलिया भरपूर भाज्या घालून करावा. नाचणीचे पातळ सत्त्व मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी पथ्याचे समजून रोज पिऊ नये, कारण गाळून व शिजवून पातळ केलेले पिष्ट साखर वेगाने चढवते.

यावरून भाकरी सोडावी असा अर्थ कृपया काढू नये. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, ती कमी पाण्यावर येते, आणि ताज्या पिठाच्या मऊ भाकरीची चव आपल्या जिभेवर पिढ्यान् पिढ्या आहे. ती अवश्य खावी, एकेक खावी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्याआधी घाई करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून नोकरीनिमित्त एकटा राहतो. सकाळी मल्टिग्रेन ब्रेड, संध्याकाळी डायजेस्टिव्ह बिस्किटे आणि रात्री कधी कधी मसाला ओट्स असा आहार आहे. यातून पुरेसे फायबर मिळते असे मी समजत होतो. पण पोट नीट साफ होत नाही. (हिंजवडी)

पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची बाजू वाचावी. आपल्याकडील नियमानुसार घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे जो पदार्थ सर्वांत जास्त तो पहिला. मल्टिग्रेन म्हणवणाऱ्या अनेक ब्रेडमध्ये पहिला घटक मैदा असतो आणि नाचणी, ओट्स, जवस वगैरे मंडळी यादीच्या शेवटी दोन-तीन टक्क्यांनी हजेरी लावतात. ब्रेडचा तपकिरी रंग हाही पुरावा मानू नये. यादीत १५०अ किंवा १५०ड असा क्रमांक दिसला तर तो कॅरमेलचा रंग आहे, कोंड्याचा नव्हे.

‘फायबरयुक्त’ असा दावा करण्यासाठी १०० ग्रॅममागे किमान ३ ग्रॅम आणि ‘भरपूर फायबर’ म्हणण्यासाठी किमान ६ ग्रॅम फायबर असावे लागते. दोन स्लाइसचे वजन ५० ते ६० ग्रॅम भरते. तेव्हा भरपूर फायबरचा दावा करणाऱ्या ब्रेडमधूनही आपल्याला तीन-साडेतीन ग्रॅमच मिळण्याची शक्यता असते. डायजेस्टिव्ह बिस्किटांत थोडा कोंडा असतो हे खरे. परंतु त्यासोबत साखर आणि स्निग्ध पदार्थ इतके येतात की त्यांना पोटाचे औषध समजून खाणे मला अजिबात मान्य नाही.

ओट्स चांगले आहेत. त्यांतील बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल काही प्रमाणात कमी होते, आणि ४० ग्रॅम ओट्समधून त्यातील जवळपास निम्मे मिळते. मात्र मसाल्याच्या पुडीसह येणाऱ्या ओट्समध्ये मीठ बरेच असते, म्हणून साधे ओट्स आणून त्यांत मटार, गाजर, फरसबी घालून उपमा करावा.

एकट्याने राहणाऱ्यासाठी सर्वांत सोपा उपाय मुगाचा आहे. रात्री मूठभर मूग भिजत घालावेत, सकाळी कुकरच्या दोन शिट्ट्या कराव्यात, वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. जाता येता एक पेरू किंवा केळे घ्यावे. चहासोबत बिस्किटांऐवजी भाजलेले फुटाणे ठेवावेत. आणि वातानुकूलित कार्यालयात तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे राहून जाते. बद्धकोष्ठाचे ते अर्धे कारण असू शकते.

प्रश्न : माझे वय ७१. बद्धकोष्ठासाठी मुलीने मोड आलेली कडधान्ये, कोंड्याची पोळी आणि कच्ची कोशिंबीर एकदमच सुरू केली. आता पोट साफ होते, परंतु दिवसभर गुबारा धरतो आणि कवळीमुळे चावताही येत नाही. हे सारे बंद करावे का? (सदाशिव पेठ)

बंद करू नये. वेग कमी करावा. आपल्या मुलीची काळजी योग्य दिशेने आहे, केवळ सर्व गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्या.

कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या नावांच्या शर्करा असतात. त्या पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्यांना आंबवतात. वायू तयार होतो तो याच प्रक्रियेत. परंतु याच आंबवण्यातून ब्युटिरेटसारखी उपकारक आम्लेही तयार होतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना मुख्य ऊर्जा त्यांच्याकडूनच मिळते. अर्थात थोडा वायू हा फायबर कामाला लागल्याचा परिणाम आहे. जिवाणूंची वसाहत नव्या अन्नाशी जुळवून घेण्यास काही आठवडे लागतात, आणि तेवढा अवधी तिला दिला म्हणजे त्रास बहुतेकांच्या बाबतीत ओसरतो. आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी युगांडात काम करत असताना भरड, चोथायुक्त अन्न खाणाऱ्या ग्रामीण लोकांत मोठ्या आतड्याचे अनेक विकार फारच विरळा आढळतात हे नोंदवले आणि १९७० च्या दशकात फायबरकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. त्या लोकांच्या आतड्यांना मात्र त्या अन्नाची लहानपणापासून सवय होती, हे आपण विसरता कामा नये.

आपल्यासाठी क्रम असा असावा. पहिले दहा-बारा दिवस केवळ मुगाच्या डाळीचे वरण आणि शिजवलेल्या भाज्या : दुधी, पडवळ, लाल भोपळा, चाकवत. ते सोसले की मोड आलेल्या मुगाची मऊ शिजवलेली अर्धी वाटी उसळ, दिवसाआड. त्यानंतर मटकी. चवळी, हरभरा, वाल आणि राजमा सर्वांत शेवटी, आणि तेही दुपारच्या जेवणातच. कडधान्य आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात पूर्ण शिजवावे. वायू करणाऱ्या शर्करांपैकी बराच भाग त्या पाण्यासोबत जातो. फोडणीला हिंग, ओवा, आले घालण्याची आपली पद्धत राखावी.

कच्चे मोड मात्र या वयात टाळावेत. मोड येण्यासाठी जो ओलावा आणि जी ऊब लागते, तीच जिवाणूंनाही मानवते, आणि वयस्कर व्यक्तींना त्यापासून होणारी बाधा जड जाऊ शकते. ते वाफवून किंवा शिजवूनच खावेत.

चावण्याच्या अडचणीवर ज्वारीची ताकातली आंबील हा उत्तम तोडगा आहे. भाकरीही आमटीत किंवा दुधात कुस्करून खाता येते. कोशिंबीर किसून करावी, गाजर हवे तर किंचित वाफवून. कोंड्याच्या पोळीसाठी वेगळा कोंडा विकत आणून मिसळण्याची आवश्यकता नाही. गिरणीतून आलेली कणीक चाळली नाही किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळली, तरी पुरे.

इसबगोल घेत असाल तर प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाण्यासोबतच घ्यावे, कमी पाण्यात ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. नेहमीची औषधे, विशेषतः थायरॉइडची गोळी, आणि इसबगोल यांत काही तासांचे अंतर ठेवावे. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल वाढवू नये.

एक गोष्ट गांभीर्याने सांगते. या वयात शौचाच्या सवयीत अलीकडे बदल झाला असेल, शौचातून रक्त जात असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा थकवा वाढला असेल, तर आहारात प्रयोग करीत थांबू नये. आधी तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : बाजरीचे पीठ पंधरा दिवसांत कडू होते. दुकानदार फसवतो का? (वारजे)

बहुधा नाही. बाजरीत इतर धान्यांच्या मानाने स्निग्धांश अधिक असतो. दळल्यावर तो धान्यातील विकरांच्या आणि हवेच्या संपर्कात येतो आणि पीठ लवकर खवट होते. बाजरी अखंड साठवावी, दळण एका वेळी आठवड्यापुरतेच आणावे, आणि उन्हाळ्यात पीठ घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापतानाच मोडते, हीही एक खूण आहे.

प्रश्न : खपली गहू साध्या गव्हाच्या दुपटीहून महाग आहे. तो घेतलाच पाहिजे का? त्यात ग्लुटेन नसते असे ऐकले. (सहकारनगर)

ऐकले ते चुकीचे आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातील चिकट प्रथिन, असते, आणि ज्यांना सिलिअ‍ॅक रोग (ग्लुटेन न सोसण्याचा आतड्याचा विकार) आहे त्यांच्यासाठी तो तितकाच निषिद्ध आहे. अशा व्यक्तींनी ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई यांकडे वळावे, आणि गिरणीत गव्हानंतर लगेच दळण टाकू नये, कारण जात्यात उरलेले पीठ त्यात मिसळते.

एरवी खपली हे उत्तम धान्य आहे. त्याची खीर आणि लापशी यांना तोड नाही, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे एमएसीएस २९७१ हे वाण विकसित केले आहे. परंपरेने टिकलेले पीक शेतात राहावे म्हणून कोणी ते विकत घेत असेल तर मला त्याचे कौतुकच वाटेल. परंतु खर्चाची ओढाताण होत असेल तर साधा लोकवन किंवा सिहोर गहू निवडून, कोंड्यासकट दळून आणावा. वाचलेल्या पैशांत मंडईतून आठवडाभर पालेभाजी आणि फळे येतील, आणि फायबरच्या दृष्टीने हा सौदा खपलीपेक्षा कितीतरी सरस ठरेल.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा भाकरीला हातच लावत नाही. डब्यात पोळीचा रोल आणि सॉसच हवा असतो. (चिंचवड)

भाकरीचा हट्ट तूर्त सोडावा. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे २१ ग्रॅम फायबर हवे असते आणि ते भाकरीविनाही देता येते. आपल्या स्वयंपाकात या कामासाठी थालीपिठाची भाजणी आहे. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद आणि धणे हे सर्व भाजून दळलेले पीठ म्हणजे खऱ्या अर्थाने बहुधान्य पीठ होय, आणि त्यात डाळींचा वाटा असल्यामुळे ते विकतच्या मल्टिग्रेन आट्याहून बहुतेक वेळा वरचढ असते. त्यात किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेला पालक घालून तळहाताएवढी थालीपिठे लावावीत. मुले मोठ्या थालीपिठाला बिचकतात, लहान चार आवडीने संपवतात.

रोल हवाच असेल तर त्यात उकडून कुस्करलेला राजमा किंवा मटार भरावा. डोशाच्या पिठात एक चतुर्थांश नाचणी मिसळल्यास चवीत फारसा फरक जाणवत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तोही लाभ होतो. फळाचा रस काढून देऊ नये. संत्रे सोलून फोडी द्याव्यात, पेरू सालीसकट द्यावा.

आणि घरातील मोठी माणसे जेवताना काय खातात याकडे मुलाचे लक्ष असते. आपल्या पत्रात आपण व आपले पती काय जेवता याचा उल्लेख नाही. आधी दोघांच्या ताटात उसळ आणि कोशिंबीर येऊ द्यावी.

प्रश्न : वडिलांना मूत्रपिंडाचा विकार आहे. त्यांनाही हाच आहार द्यावा का? (कात्रज)

नाही, वर दिलेली प्रमाणे त्यांना लागू करू नयेत. कडधान्ये, अनेक भाज्या आणि फळे यांत पोटॅशियम, तर कोंड्यासकटच्या धान्यांत फॉस्फरस अधिक असते, आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असता या दोन्हींचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. त्यांचा ताजा रक्त-अहवाल घेऊन मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांना एकत्र भेटावे, आणि भाज्या उकडून पाणी काढून टाकण्यासारख्या पद्धती त्यांच्या टप्प्यात आवश्यक आहेत का, ते तेथेच विचारून घ्यावे.